उणेपणाचे शब्द

मराठीच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर 'परिपूर्ण' हा शब्द लिहिला आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारला. साऱ्या वर्गातून एकच उत्तर आले : 'अपूर्ण'. सरांनी मान डोलावली आणि तास पुढे सरकला. माझेही उत्तर तेच होते. पण संध्याकाळी एस. टी.तून घरी जाताना मला चुटपुट लागून राहिली. आपण खरे म्हणजे शब्द सांगितलाच नाही. असलेल्या शब्दामागे नुसता 'अ' लावून मोकळे झालो.

आमच्या घरी रोज काही ना काही चुकते, कमी पडते, बिघडते. पण 'अपूर्ण' हा शब्द मी घरात कधी ऐकलेला नाही. आई म्हणते, भाकरी कच्ची राहिली. आप्पा गवंडीकाम करतात. ते म्हणतात, भिंत ओळंब्यात नाही. शेजारची आजी सूप हातात घेऊन म्हणते, यंदा दाणा पोचट निघाला. परिपूर्ण नसण्याला या तिघांनी तीन निरनिराळे शब्द वापरले आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. त्या दिवसापासून मी वहीच्या शेवटच्या पानांवर असे शब्द टिपू लागले. यादी शंभराच्या पुढे गेली, तेव्हा ते शब्द आपोआप वेगळे वेगळे घोळके करून बसू लागले आहेत असे दिसले. काही शब्द किती कमी ते सांगतात, काही अजून वेळ आहे असे सांगतात, काही तुटलेपण सांगतात, काही मिसळ सांगतात. आणि काही शब्द असे आहेत, की ते वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. फक्त निकाल देतात. या पाच घोळक्यांची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. मोजमापाचे शब्द

या घोळक्याचा मूळपुरुष म्हणजे 'ऊन' हा संस्कृत शब्द. ऊन म्हणजे कमी असलेला. 'उणा', 'उणे', 'उणीव' ही सगळी त्याची मराठी लेकरे. भांडणात आपण एकमेकांची उणीदुणी काढतो, गणितात उण्याचे चिन्ह काढतो. पण 'ऊन' सर्वांत खोलवर जाऊन बसला आहे तो आपल्या संख्यांत.

एकोणीस हा शब्द 'एकोनविंशति' या संस्कृत शब्दावरून आला. एक, ऊन आणि विंशति; म्हणजे वीसला एक कमी. संस्कृतात 'नवदश', म्हणजे दहा आणि नऊ, असाही शब्द होता. मराठीने तो घेतला नाही. गंमत अशी, की अकरापासून अठरापर्यंत आपण दहाच्या पुढे पावले टाकत येतो आणि एकोणिसाशी आल्यावर एकाएकी दहाकडे पाठ फिरवून विसाकडे तोंड करतो. हाती नऊ जास्त आहेत हे विसरतो, एक कमी आहे हे आठवतो. लॅटिन भाषेतही एकोणिसाचे जुने नाव 'विसातून एक काढून' याच अर्थाचे होते, असे वाचले तेव्हा ही खोड आपली एकट्याची नाही याचे समाधान वाटले.

पुढे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी ही रांग थेट एकोणनव्वदपर्यंत जाते. हिंदीने 89 ला 'नवासी' म्हणून ऐंशीत नऊ मिळवले. मराठीने तिथेही उणेपण सोडले नाही. मात्र 99 ला मराठीनेही हात टेकले. तिथे आपण 'नव्व्याण्णव' म्हणतो. शंभराच्या उंबऱ्यावर आल्यावर तरी भाषेने एक कमी आहे हे मोजणे सोडून हाती काय आहे ते मोजले.

2019 साली राज्यात दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली आणि मोठा वाद झाला. त्या पद्धतीत 'एकोणतीस'चे 'वीस नऊ' होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लहान मुलांना ते सोपे जाते हा मुद्दा मला पटतो. मात्र वादात एक गोष्ट फारशी कोणी बोलली नाही. 'एकोणतीस' आणि 'वीस नऊ' ही एकाच संख्येची दोन नावे असली, तरी त्या दोन दृष्टी आहेत. एक तिसाकडून पाहते, दुसरी विसाकडून.

अपूर्णांकांत तर मराठीची श्रीमंती डोळ्यांत भरते. 'पाऊण' म्हणजे पाद आणि ऊन, एका पावाने कमी. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासहित. 'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासहित. 'अडीच' हा 'अर्धतृतीय' या शब्दापासून झाला. म्हणजे दोन आणि अर्धा असे नव्हे, तर तिसरा अर्धा आला आहे असे. याच चालीवर 'अर्धचतुर्थ'पासून 'औट', म्हणजे साडेतीन, झाला. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. आता औटकी गेली. 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात तेवढा तो शब्द उरला आहे.

'पावणेतीन' आणि 'अडीच' हे दोन्ही शब्द तिनाकडेच पाहतात. पण 'पावणेतीन' म्हणते पाव कमी आहे आणि 'अडीच' म्हणते तिसरा निम्म्या वाटेवर आला आहे. एका शब्दात तक्रार आहे, दुसऱ्यात वाट पाहणे आहे. अपूर्णांकालाही स्वभाव असतो, तो असा.

महाराष्ट्राने अर्ध्याला कमी लेखलेले नाही. आपली शक्तिपीठे साडेतीन : कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धे. पण वणीचा गड कोणी अर्ध्या भक्तीने चढत नाही. आपले मुहूर्तही साडेतीन. पेशवाईत साडेतीन शहाणे सांगितले जातात : सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे. नाना मुत्सद्दी खरे, पण तलवारबहाद्दर नव्हते, म्हणून अर्धे, असे त्याचे कारण देतात. पूर्ण तिघांची नावे आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आठवावी लागतात. अर्ध्या नानांचे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याकडे 'दीडशहाणा' ही शिवी आहे. एका माणसाला एक शहाणपण पुरते; अर्धे जादा झाले, की तो दोष होतो. तेव्हा परिपूर्णाचे दोन शत्रू आहेत, एक उणे आणि दुसरे अधिक. हे आपल्या जुन्या ग्रंथकारांना चांगले माहीत होते. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव श्रोत्यांना विनवतात, की माझ्या बोलण्यात कमी असेल ते तुम्ही भरून घ्या आणि जास्त असेल ते सोडून द्या.

२. वेळेचे शब्द

लहानपणी गल्लीत लपंडाव किंवा पकडापकडी चालली, की कुणाचा तरी धाकटा भाऊ 'मलाही घ्या' म्हणून रडत यायचा. त्याला आम्ही 'कच्चे लिंबू' म्हणून घेत असू. कच्चे लिंबू खेळते, पळते, ओरडते. पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो अजून पिकायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटते, परिपूर्ण नसण्यासाठी याहून प्रेमळ शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत नसेल.

'कच्चा' हा शब्द वस्तूवर डाग ठेवत नाही, तो वेळ सांगतो. कच्ची वीट भट्टीत जायची आहे. कच्चा रस्ता खडी-डांबराची वाट पाहतो आहे. कच्चा आराखडा, कच्चा हिशोब, कच्ची पावती ही सारी 'पक्क्या'च्या अलीकडची स्थानके आहेत. म्हणूनच 'गणितात कच्चा' असे म्हटले जाते तेव्हा त्यात आशा असायला हवी. उद्या तो पक्का होऊ शकेल असे बोलणाऱ्याच्याही मनात असायला हवे. पण बहुधा आपण तो शब्द कायमच्या शिक्क्यासारखा मारतो.

याच शब्दाचे एक भयंकर रूप आपल्या कायद्याच्या भाषेत आहे : 'कच्चा कैदी'. ज्याच्यावर खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही, पण जो तुरुंगात आहे, तो कच्चा कैदी. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत दर चार बंदिवानांमागे सुमारे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगाचा पाऊण भाग कच्चा. कच्च्या आंब्याला अढीत घालून आपण दिवस मोजतो. या माणसांचे पिकणे म्हणजे काय? त्यातल्या कित्येकांना निर्दोष सुटायचे असेल. तेव्हा 'कच्चा' या शब्दातली वाट पाहण्याची कळा इथे प्रेमळ राहत नाही. शब्द तोच; पण कुणाला किती काळ कच्चे ठेवायचे हे ज्याच्या हाती असते त्याप्रमाणे त्याची चव बदलते.

'अर्धवट' हा याच घरातला दुसरा शब्द. अर्धवट काम, अर्धवट झोप, अर्धवट शिक्षण; इथे तो काम मधेच थांबल्याचे सांगतो. पण तोच माणसाला लावला, की वेडसरपणाचा अर्थ येतो. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. अर्धवट म्हणवून घेणारा तो बाहुला पूर्ण शहाण्यांची फिरकी घेतो, म्हणूनच लोक हसतात. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' या म्हणीतही दोष हळकुंडाचा नाही. घाईने स्वतःला पिवळे समजणाऱ्याचा आहे.

अपुऱ्या कामाचा एक मोठा उपयोग मला अजिंठ्याला समजला. तिथली सगळी लेणी पुरी झालेली नाहीत. 24 क्रमांकाचा विहार पुरा झाला असता तर तो तिथल्या सर्वांत भव्य विहारांत गणला गेला असता, पण तो अपुराच राहिला. इ.स.च्या पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेण वारला, राजाश्रय तुटला आणि कामे थांबली, असे मत अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी मांडले. पुऱ्या झालेल्या लेण्यात आपण चित्रे पाहतो, मूर्ती पाहतो आणि थक्क होऊन बाहेर येतो. हे केले कसे ते कळत नाही. अपुऱ्या लेण्यात छिन्नीचे घाव दिसतात, अर्धे मोकळे झालेले खांब दिसतात, काम वरून छताकडून खाली येत होते हे दिसते. पूर्ण वस्तू आपली कृती लपवते, अपुरी वस्तू ती शिकवते. मी आप्पांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "गिलावा व्हायच्या आधी भित बघावी. मग गवंडी कळतो."

३. तुटण्याचे शब्द

काही गोष्टी आधी अखंड असतात आणि मग त्यांना धक्का लागतो. 'भंग', 'क्षत', 'खंडित' हे शब्द त्यांचे. इथे एक नवल दिसते. या घोळक्यात तुटलेपण हा मूळ शब्द आहे आणि पूर्णत्वालाच 'अ' लावून घ्यावा लागला आहे : अभंग, अक्षत, अखंड. म्हणजे सरांच्या फळ्यावरचा प्रकार इथे उलटा झाला. परिपूर्णाला स्वतःचे नाव नाही. जे अजून तुटलेले नाही ते पूर्ण.

लग्नात आपण वधूवरांवर टाकतो त्या 'अक्षता' म्हणजे न तुटलेले तांदूळ. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका तांदूळ निवडायला बसतात, आख्खा दाणा एका बाजूला आणि कणी दुसऱ्या बाजूला करतात. आख्खा दाणा मांडवात उधळला जातो आणि पायदळी जातो. कणी मात्र कोणी टाकत नाही. तिची पेज होते, ती कुणाच्या तरी पोटात जाते. शुभकार्याला जे चालत नाही ते भुकेला चालते. कणी निवडणाऱ्या बायकांत बसून हे माझ्या मनात आले, तेव्हा 'क्षत' या शब्दाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

मातीचे मडके घेताना आई ते डोळ्यांनी पाहत नाही. ते कानाशी धरते आणि टिचकी मारते. चांगले मडके खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. 'बद्द' हा शब्द नाण्यालाही लागतो. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी आवाजाला लपवता येत नाही. खणखणीत भाषण, खणखणीत उत्तर, खणखणीत प्रकृती असे आपण सहज म्हणतो; तो शब्द कुठून तरी अशाच टिचकीतून आला असेल याची आठवणही आपल्याला राहत नाही.

अरबीतून आलेला 'कसर' हा शब्दही याच गटातला. अरबीत त्याचा अर्थ मोडणे असा आहे आणि अपूर्णांकालाही तिथे तोच शब्द आहे. मराठीत येऊन त्याने उणिवेचा अर्थ घेतला. पण आपण कसर नुसती काढत नाही, 'भरून काढतो'. घरातली बाई जी 'काटकसर' करते तीतही कसर आहेच. मोडलेल्या तुकड्यांतून संसार उभा करण्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

४. मिसळीचे आणि कसबाचे शब्द

सोनार दागिना कसोटीच्या दगडावर घासतो. दगडावर उमटलेली रेघ म्हणजे 'कस'. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला 'हीण' म्हणतात. म्हणून 'हीणकस' हा शब्द मुळात सोनाराच्या दुकानातला आहे आणि त्याचा उलटा शब्द 'बावनकशी'. आज आपण हीणकस माल, हीणकस विनोद असे म्हणतो तेव्हा सोनाराचा दगड आपल्या हातात नसतो. रेघ न ओढताच आपण निकाल देतो.

शेतकऱ्याने दिलेला शब्द 'फोल'. फोल म्हणजे धान्यावरचे टरफल, वाऱ्यावर उडून जाणारे. म्हणून वचने फोल ठरतात, आशा फोल ठरते. 'पोचट' म्हणजे ज्याच्यात भर नाही तो दाणा; बाहेरून तो भरल्या दाण्यासारखाच दिसतो, सुपात पाखडल्यावर कळतो. चुलीपाशी जन्मलेला शब्द 'अळणी'. तो संस्कृत 'अलवण' याचे रूप आहे, लवण म्हणजे मीठ नसलेला. कापडाने 'तोकडा' दिला. आपल्या समीक्षेच्या भाषेतून फोल, पोचट, अळणी, तोकडा आणि हीणकस एवढे पाच शब्द काढून घेतले, तर समीक्षकांची मोठी पंचाईत होईल. आणि हे पाचही शब्द त्यांना शाळेत न गेलेल्या माणसांनी पुरवले आहेत.

या गटाचे मर्म मला आप्पांच्या कामावर समजले. सुट्टीत मी कधी कधी डबा घेऊन जाते. एकदा एका नव्या हाताच्या पोराने रचलेली भिंत पाहून मी म्हणाले, ही भिंत वाईट झाली आहे. आप्पा ओळंबा सोडून पाहत होते. ते म्हणाले, "वाईट म्हनून त्याला काय कळनार? ओळंब्यात न्हाई, का गुन्यात न्हाई, का पातळीत न्हाई, ते सांग. मग त्यो दुरुस्त करंल."

मी ही तीन बोलणी वहीत लिहून घेतली. ओळंब्यात नाही म्हणजे भिंत उभी सरळ नाही. गुण्यात नाही म्हणजे कोपरा काटकोनात नाही. पातळीत नाही म्हणजे थर आडवा समान नाही. तीन दोष, तीन हत्यारे, तीन उपाय. कसबी माणसाचा शब्द दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो आणि म्हणून त्या शब्दातच दुरुस्ती दडलेली असते. 'वाईट' या शब्दात ती नसते.

५. निकालाचे शब्द

'वाईट'सारखे शब्द हा पाचवा आणि शेवटचा घोळका. फारसीतला 'ना' आपण किती सहज उचलला पाहा : नादुरुस्त, नापसंत, नालायक. आणि या सगळ्यांवर कडी करणारा 'नापास', ज्याचे डोके फारसी आणि धड इंग्रजी आहे. नापास हा शब्द मुलाला किती येते ते सांगत नाही, काय येत नाही तेही सांगत नाही. मोजमापाच्या शब्दात आकडा होता, कच्च्यात वेळ होती, बद्द शब्दात नाद होता, गवंड्याच्या शब्दात दिशा होती. नापास या शब्दात फक्त बंद झालेले दार आहे.

मुलगी पाहायला आलेली मंडळी हलक्या आवाजात विचारतात, 'काही खोट नाही ना?' खोट हा नाण्याचा शब्द, मालाचा शब्द. तो माणसाला लागला, की माणूस वाजवून पाहण्याजोगा होतो. वर्गातल्या बहुतेक मैत्रिणींनी हा प्रश्न कधी ना कधी दाराआडून ऐकलेला असेल. मुलाविषयी तो इतक्या मोकळेपणाने विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

पण मला स्वतःला लागलेला निकालाचा शब्द वेगळा आहे. तो 'अशुद्ध'.

पाचवीत असताना मी निबंधात 'पानी' असे लिहिले होते. आमच्या घरी, आमच्या गल्लीत सगळे पानीच म्हणतात. वही परत आली तेव्हा शब्दाभोवती लाल वर्तुळ होते आणि समासात 'अशुद्ध' असे लिहिले होते. त्या दिवशी घरी गेले तर आईने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "पानी पी." मी प्यायले; पण पहिल्यांदाच मला आईच्या तोंडचा शब्द खटकला. त्यानंतर कितीतरी वर्षे मी शाळेत फारशी बोलले नाही. वर्गात मी गप्प असते म्हणून मला शांत मुलगी म्हणत. मी शांत नव्हते. प्रत्येक शब्द तोंडाबाहेर पडण्याआधी तो शुद्ध आहे का हे तपासत होते.

या वर्षी भाषेचा इतिहास वाचताना 'पाणी' शब्दाची कुळी सापडली. संस्कृत शब्द 'पानीय'. त्यात न आहे. प्राकृतात न चा ण झाला आणि 'पाणिअ'वरून आपला 'पाणी' आला. म्हणजे संस्कृतच्या काट्याने तोलले, तर प्रमाण मराठीतले 'पाणी' हेच बिघडलेले रूप ठरेल! 'एकोणीस'चेही तेच. मूळ 'एकोन'मध्ये न आहे आणि आमच्या गावात सगळे 'एकोनीस'च म्हणतात. इथे मी लबाडी करणार नाही. आमच्या बोलीतला न हा संस्कृतातून जसाच्या तसा टिकून राहिला आहे असा माझा दावा नाही. ण चा पुन्हा न झाला आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. न चा ण झाला तेव्हा तो भाषेचा विकास. ण चा न झाला तेव्हा ती चूक. बदल दोन्ही वेळा सारखाच नैसर्गिक होता. एक बदल ग्रंथांत गेला आणि दुसरा गल्लीत राहिला, एवढाच फरक.

शुद्धतेचा काटाही एका जागी थांबलेला नाही. 'नांव', 'गांव', 'पांच' असे अनुस्वार देऊन लिहिणे एके काळी शुद्ध होते. 1962 साली लेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार गेले. आज कोणी 'नांव' लिहिले, तर त्याला लाल वर्तुळ मिळते. ज्यांनी ते शुद्ध म्हणून घोकले, ते एका नियमाने अशुद्ध झाले. त्यांच्या ज्ञानात मात्र तिळभर फरक पडला नव्हता. अलीकडे 'शुद्धलेखन' न म्हणता 'प्रमाणलेखन' म्हणावे असा आग्रह अनेक अभ्यासक धरतात. मला तो नुसता शब्दांचा खेळ वाटत नाही. 'प्रमाण' हा गवंड्याच्या जातीचा शब्द आहे. त्यात ओळंबा आहे. सगळ्यांना एकमेकांचे लिहिणे वाचता यावे म्हणून धरलेली ती एक दोरी आहे. 'शुद्ध' हा शब्द मात्र दोरी धरत नाही, सोवळे नेसतो.

नियमच नकोत असे मी म्हणत नाही, याविषयी गैरसमज होऊ नये. हा लेख मी प्रमाणलेखनातच लिहिला आहे आणि ते शिकवणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की माझ्या वहीच्या समासात 'अशुद्ध' याऐवजी 'लिहिताना पाणी, बोलताना पानी चालेल' असे लिहिले असते, तर मला दोष कळला असता आणि आईचा शब्दही माझ्याकडे राहिला असता. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. 'अभिजात' याचा शब्दशः अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. त्या कुळात ओळंबा, पोचट, अळणी आणि कच्चे लिंबू हे शब्द जन्मले असतील, तर ते बोलणारी माणसेही त्याच कुळातली आहेत, एवढे या निमित्ताने ध्यानात ठेवले पाहिजे.

समारोप

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. 'परिपूर्ण' या शब्दाला एक विरुद्धार्थी शब्द नाही. पूर्ण होण्याची वाट एक असेल. पण कमी पडण्याच्या, थांबण्याच्या, तुटण्याच्या, मिसळण्याच्या वाटा अनेक आहेत आणि ज्यांनी त्या वाटा हातांनी चाचपल्या त्यांनी प्रत्येक वाटेला वेगळे नाव दिले. चांगल्या शब्दाची खूण अशी, की तो ऐकल्यावर पुढे काय करायचे ते कळावे. उणे असेल तर भरावे, कच्चे असेल तर थांबावे, तडा असेल तर जपावे, हीण असेल तर गाळावे, ओळंब्यात नसेल तर विटा काढून पुन्हा रचावे. ज्या शब्दाने पुढचे काहीच सुचत नाही, फक्त मान खाली जाते, तो शब्द वापरण्यापूर्वी शिक्षकाने, परीक्षकाने आणि आई-बापाने क्षणभर थांबावे.

मला आता एकोणीस पुरी झाली आहेत. भाषेच्या हिशोबाने मी विसाला एक उणी आहे. पूर्वी हा शब्द ऐकून काहीच वाटत नसे. आता त्यात मला विसाकडे केलेले तोंड दिसते.

आमच्या गावच्या वाण्याच्या जुन्या बिलांवर खाली एका कोपऱ्यात चार अक्षरे छापलेली असत. त्यांचा अर्थ मी आप्पांना विचारला, तेव्हा त्यांनाही तो सांगता आला नव्हता. पुढे शाळेत समजला. चूकभूल द्यावी घ्यावी. बेरीज चुकली असेल, कुणाचे देणे राहिले असेल, कुणाकडून जास्त घेतले गेले असेल, तर पुन्हा बसून बघू, असे वचन देणारी ती चार अक्षरे. हिशोब परिपूर्ण आहे असे तो वाणी म्हणत नव्हता. हिशोबाची वही अजून उघडी आहे, एवढेच तो सांगत होता. माझ्या या लेखाखालीही मी तीच अक्षरे लिहिते.

चू. भू. द्या. घ्या.